शेजारच्या सीटवर कोण?

गाडी शिकणाऱ्याने काही ठरावीक तास तरी प्रशिक्षित शिक्षकाकडून शिकलंच पाहिजे, असा नियम असावा का? हा प्रश्न कुठल्याही देशात निघाला की वाद एकाच चाकोरीतून जातो. एका बाजूचे लोक अपघातातल्या मृतांचे आकडे समोर ठेवतात आणि नियमाला विरोध करणाऱ्याला त्या मृतांशी काही देणंघेणं नाही असं सुचवतात. दुसरी बाजू म्हणते, हा ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची तुंबडी भरायचा डाव आहे. आम्हाला वडिलांनी शिकवलं, तीस वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. मग पैसा, स्वातंत्र्य, सरकारची लुडबुड यांवर भांडण जुंपतं आणि तिथेच संपतं. मला खटकतं ते हे की दोन्ही बाजू फक्त शिकणाऱ्याविषयी बोलतात: त्याचा खर्च, त्याची सोय, त्याचं कौशल्य. जो माणूस त्या वेळी रस्ता ओलांडत असतो, त्याचं नाव या वादात कुणी घेत नाही. त्याने कुणालाही आपल्यावर सराव करायची परवानगी दिलेली नाही.

माझं मत आधीच सांगते. प्रशिक्षित शिक्षकाकडचे थोडे तास, दहा-बारा म्हणू, कायद्याने सक्तीचे असावेत. घरच्यांसोबतचा भरपूर सराव त्यांच्या जोडीला असावा. तासांमुळे त्याची गरज संपत नाही. आणि शिकवणाऱ्याच्या हाती पास-नापास करण्याचा अधिकार अजिबात नसावा. हे तिन्ही भाग एकत्र धरले तरच माझा या नियमाला पाठिंबा आहे. मात्र माझ्या बाजूच्या मंडळींना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून ती सांगितली जात नाही. आमच्या विरोधातला पुरावा चांगलाच भक्कम आहे, आणि तो आधी नीट मांडला पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, डीकाल्ब काउंटीत, एक मोठा प्रयोग सुरू झाला. शाळकरी वयाच्या सुमारे १६,००० मुलामुलींचे, चिठ्ठ्या टाकून पाडावेत तसे, तीन गट पाडले. एका गटाला सत्तर तासांहून मोठा, खास आखलेला अभ्यासक्रम. दुसऱ्याला परवान्यापुरतं जुजबी शिक्षण. तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. पुढे त्यांचे अपघात मोजले. सुरुवातीच्या काही महिन्यांत शिकलेल्या मुलांची स्थिती जरा बरी दिसली, नंतर तो फरक विरून गेला. कनेक्टिकट राज्यात त्याच दशकात शाळांमधल्या अशा वर्गांचा सरकारी निधी बंद झाला. ज्या गावांनी वर्गच बंद केले, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे अपघात वाढायला हवे होते, ते घटले. नॉर्वेचा अनुभव याहून बोचरा. तिथे १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं झालं, आणि तरुण मुलग्यांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढलेले आढळले. तेव्हा ‘शिकवणी लावली की अपघात कमी होतात’ हे सरसकट विधान खरं नाही. ते करणं आम्ही थांबवलं पाहिजे.

पण या तिन्ही उदाहरणांत नेमकं काय घडलं ते पाहिलं तर त्यांतून ‘शिक्षक नको’ हा निष्कर्ष निघतो का? अमेरिकेतल्या त्या वर्गांमुळे मुलांच्या हाती परवाना लवकर पडत होता. वर्ग बंद झाले तेव्हा सोळाव्या वर्षी परवाना काढणारेच कमी झाले, म्हणून त्या वयाचे अपघातही घटले. म्हणजे तिथे शिकवणी ही परवान्याकडे नेणारी जवळची वाट झाली होती. सक्तीच्या तासांनी परवाना एक दिवसही अलीकडे येणार नसेल, तर हा आक्षेप मुळातच लागू होत नाही. डीकाल्बच्या त्या भल्यामोठ्या अभ्यासक्रमाची फोड तर डोळे उघडणारी आहे. तासांचा मोठा वाटा वर्गातल्या बाकांवर, सिम्युलेटरवर आणि बंदिस्त मैदानावर खर्च झाला. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या रहदारीत मुलांना जेमतेम तीन-साडेतीन तास मिळाले. पोहणं शिकवायला सत्तर तास घ्यायचे आणि त्यांतले साडेतीनच पाण्यात, असाच हा प्रकार. आणि नॉर्वेत काय शिकवलं? गाडी घसरली तर ती कशी सावरायची. वीस वर्षांच्या मुलाने त्यातून काय उचललं? आपल्याला गाडी सावरता येते, एवढंच. तो पुढच्या हिवाळ्यात त्याच वळणावर वेग कमी न करता गेला. पुढे नॉर्डिक देशांनी या शिक्षणाचा रोखच बदलला. आता घसरलेली गाडी सावरण्याची कसरत शिकवण्यापेक्षा, थोड्याशा जास्त वेगाने गाडी किती सहज हाताबाहेर जाते हे शिकणाऱ्याला अनुभवायला लावण्यावर भर असतो.

डेन्मार्कने १९८६ मध्ये आपली शिकवण्याची पद्धत बदलली. पाठांचा क्रम बांधून दिला, सोप्याकडून अवघडाकडे, आणि धोका आधी ओळखण्यावर भर दिला. त्यानंतर नव्या चालकांचे पहिल्या वर्षातले अपघात कमी झालेले आढळले. तोच शिक्षक, तीच गाडी, तोच रस्ता. शिकवायचं काय, एवढंच बदललं होतं. म्हणून ‘शिकवणीचा उपयोग होतो का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाची शिकवणी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

गाडी चालवणं म्हणजे काय, याची आपली रोजची कल्पना हातापायांची आहे. क्लच, गियर, स्टिअरिंग, रिव्हर्स. ‘हात बसला’ असं आपण म्हणतो. हात बसायला फार दिवस लागत नाहीत. बहुतेकांना काही आठवड्यांत गाडी पुढे-मागे नेता येते. वेळ लागतो तो डोळ्यांना. नवशिक्यांच्या नजरेचा अभ्यास १९७० च्या दशकापासून होत आला आहे, आणि त्यात वारंवार हेच दिसलं की नवा चालक बॉनेटच्या जवळपास बघतो, एका जागी रुतून बघतो आणि आरशांत कमी बघतो. अनुभवी चालकाची नजर दूरवर असते आणि सतत फिरत असते. उभ्या बसच्या खालून पलीकडे पाय दिसतात का, कडेच्या गाडीत कुणी बसलं आहे का आणि तिचं दार उघडेल का, रस्त्यावर चेंडू आला तर त्याच्या मागून कोण धावत येईल, हे तो वाचत असतो. आणि खरी अडचण इथेच आहे. तो हे वाचतो, पण आपण वाचतो आहोत हे त्याला कळत नाही.

शेजारी बसलेल्या वडिलांना विचारा, ‘तुम्ही आत्ता ब्रेकवर पाय का नेलात?’ ते म्हणतील, ‘असंच.’ ते खोटं बोलत नाहीत. वीस वर्षांत ती गोष्ट त्यांच्या विचारातून उतरून पायात गेली आहे. मातृभाषा अस्खलित बोलणाऱ्याला तिचं व्याकरण सांगा म्हटलं तर जी पंचाईत होते, तीच ही पंचाईत. म्हणून घरचा माणूस जे दिसतं ते शिकवतो: गियर बदल, हळू घे, डावीकडे घे. जे त्याच्या स्वतःच्या नजरेआड गेलं आहे ते तो कसं शिकवणार? चांगल्या शिक्षकाचं कसब नेमकं हेच असतं की तो ते अदृश्य पुन्हा दृश्य करतो. तो शिकणाऱ्याला मोठ्याने बोलायला लावतो: समोर काय दिसतंय, काय दिसत नाहीये, पुढच्या दहा सेकंदांत काय होऊ शकतं. ही पद्धत पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात फार जुनी आहे. लंडनच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडन इथे चालकांसाठी स्वतंत्र शाळा काढली, ती पोलिसांच्याच गाड्या फार आदळत होत्या म्हणून. ते काही नवशिके नव्हते. गाडी सगळ्यांना येत होती. शाळेनंतर त्यांचे अपघात कमी झाले.

चालवता येणं आणि शिकवता येणं या दोन गोष्टींतलं अंतर सगळ्यात महाग किंमत देऊन कुणी ओळखलं असेल तर ते पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाने. तिथे वैमानिक शत्रूच्या हातून मरत होते, तसेच शिकता शिकताही मोठ्या संख्येने मरत होते. शिक्षक म्हणून बसवायचा तो बहुधा आघाडीवरून थकून परतलेला कुणी वैमानिक. स्वतः उत्तम विमान चालवणारा, पण नवख्याच्या हाती ते द्यायला धास्तावलेला. शिकवण्याविषयी त्याला कुणीच काही शिकवलेलं नसे. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉस्पोर्ट इथे हे सगळं उलटवलं. नियंत्रणं दोघांच्या हाती राहतील असं विमान घेतलं. नवशिक्याला वैमानिकाच्या जागी बसवलं. इंजिनच्या आवाजात दोघांना बोलता यावं म्हणून मध्ये एक नळी टाकली. तिला पुढे गॉस्पोर्ट ट्यूब असंच नाव पडलं. ज्या गिरकीपासून, म्हणजे विमान गरगरत खाली कोसळू लागण्यापासून, शिक्षक पूर्वी नवशिक्याला जपून दूर ठेवत, तिच्यात त्याला मुद्दाम नेऊन, ती का लागते आणि तिच्यातून बाहेर कसं यायचं हे समजावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी शिक्षकांना शिकवायला शिकवलं. मला त्या नळीचं विशेष वाटतं. विमान तेच, आकाश तेच, फक्त दोन माणसांमध्ये नीट बोलणं सुरू झालं.

इथे कुणी मला नॉर्वेची आठवण करून देईल. गिरकीतून बाहेर काढायला शिकवलेलं चालतं, मग घसरणाऱ्या गाडीने काय घोडं मारलं? हा प्रश्न रास्त आहे. वैमानिकाला, त्यातही लढाऊ वैमानिकाला, गिरकी टाळता येतेच असं नाही; त्याचं कामच त्याला तिथे नेतं. गाडीच्या चालकाला मात्र तिथे जाण्याची जवळजवळ कधीच गरज नसते. त्याच्याजवळ वेग कमी करण्याचा पर्याय असतो. म्हणून गॉस्पोर्टमधून घ्यायचं ते दुहेरी नियंत्रण, बोलणं आणि शिकवलेला शिक्षक. कसरती तिथेच सोडाव्यात.

दुहेरी नियंत्रणाबद्दल एक वाक्य अधिक. शिक्षकाच्या गाडीत त्याच्या पायाखाली ब्रेक असतो. वडिलांच्या पायाखाली नुसती चटई असते. मुलाने चुकून ॲक्सिलरेटर दाबला तर वडील ओरडू शकतात, हँडब्रेक ओढू शकतात, जीव मुठीत धरू शकतात. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ ही म्हण या वादात नेहमी येते. पण पाण्यात पडलेला बुडाला तर स्वतः बुडतो. गाडी शिकणारा चुकला तर बहुधा दुसऱ्याला बुडवतो. निदान पहिले काही तास, जेव्हा पाय कुठे पडतोय याचाच भरवसा नसतो, तेव्हा दुसरा ब्रेक असू नये असं म्हणणारा युक्तिवाद मला अजून भेटलेला नाही.

आता ‘तीस वर्षं ओरखडा नाही’ या मुद्द्याकडे. मला गाडी दादाने शिकवली. रविवारी सकाळी, रिकाम्या मैदानावर, मग हळूहळू रस्त्यावर. इतक्या मायेने आणि इतक्या धीराने की त्याच्या शिकवण्याविषयी वावगं बोलताना आजही जड जातं. चौदा वर्षं मी विनाअपघात गाडी चालवली. मग मध्ये गाडी सुटली, आणि पुन्हा सुरू करताना भीती वाटली म्हणून एका शिक्षिकेकडे चार तास लावले. पहिल्या वीस मिनिटांत ती म्हणाली, ‘लेन बदलताना तुम्ही आरसा बघता, पण मान वळवून खांद्यावरून मागे बघत नाही. आरशात न दिसणारी एक जागा राहते, तिथे दुचाकी मावते.’ मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मीही बघत नाही गं. मला कुणी सांगितलंच नाही.’ त्याला आमच्या काकांनी शिकवलं होतं. चूक तीन माणसांच्या हातून खाली आली होती, आणि प्रत्येकाने ती तितक्याच मायेने पुढे दिली होती. आमच्या ओरखडा नसण्याचा अर्थ इतकाच होता की त्या सगळ्या वर्षांत आम्ही लेन बदलली तेव्हा त्या जागेत कुणी नव्हतं. ज्यांच्या बाबतीत तिथे कुणी होतं, ते ‘मला काही झालं नाही’ असं सांगायला पुढे येत नाहीत. अशा साक्षी कितीही गोळा केल्या तरी त्या एकाच बाजूच्या राहणार.

तरीही घरच्या सरावाला मी कमी लेखणार नाही, कारण तसं करणं पुराव्याला धरून होणार नाही. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचं किमान वय साडेसतरावरून सोळावर आणलं. परवान्याचं वय मात्र अठराच ठेवलं. ज्यांनी या संधीचा फायदा घेतला त्यांचा सराव सरासरी सुमारे ११८ तासांवर गेला; इतरांचा चाळीस-पंचेचाळीस तासांच्या आसपास राहिला. परवाना मिळाल्यानंतर जास्त सराव केलेल्यांचा अपघाताचा धोका साधारण ४० टक्क्यांनी कमी निघाला. उत्साही मुलंच लवकर सुरुवात करतात, त्यामुळे यातला काही वाटा त्यांच्या स्वभावाचा असेल, सगळा सरावाचा नसेल. पण ११८ तास हे शिक्षकाच्या पगारी वेळेत कुणाला परवडणार? ते आई, वडील, मोठी बहीण, मामा यांच्याच शेजारी बसून होऊ शकतात. जे देश घरच्या सरावाला मज्जाव करून सगळं शिक्षण शाळांच्या हवाली करतात, त्यांची वाट मला चुकीची वाटते. जर्मनीत शाळेशिवाय परवाना नाही. महामार्ग, गावाबाहेरचे रस्ते आणि रात्र मिळून बारा खास फेऱ्या सक्तीच्या आहेत. त्या बारा फेऱ्या मला मनापासून पटतात. पण त्यांच्या भोवतीचं बाकी सगळंही शाळेतच करावं लागतं, आणि खर्च हजारो युरोंत जातो.

याउलट आयर्लंडने २०११ पासून एकेका तासाचे बारा पाठ सक्तीचे केले आणि दोन पाठांच्या मध्ये घरच्या अनुभवी चालकासोबत सराव करायला सांगितलं. हा तोच देश आहे जिथे १९७९ मध्ये परीक्षेची रांग इतकी तुंबली होती की सरकारने हजारो लोकांना परीक्षेशिवायच पूर्ण परवाने देऊन टाकले. फ्रान्समध्ये शाळेतले किमान वीस तास आणि, पंधराव्या वर्षापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी, मोठ्या माणसासोबत ३,००० किलोमीटर. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये तरुण शिकणाऱ्यांना १२० तासांची नोंदवही भरावी लागते, त्यांतले वीस रात्रीचे. शिक्षकासोबतचा एक तास तीन तासांच्या बरोबरीचा धरतात, पण तशी सूट दहाच तासांना मिळते. या सगळ्यांच्या मुळाशी एक शहाणी समजूत आहे: शिक्षकाने दिशा द्यायची आणि घरच्यांनी वेळ द्यायचा. वादात या दोघांना एकमेकांसमोर उभं का केलं जातं, हे मला कधीच कळलेलं नाही.

पैशाचा आक्षेप नैतिकदृष्ट्या सगळ्यात वजनदार आहे. परवाना अनेकांसाठी हौस नसते, नोकरी असते. जिथे बस नाही, रेल्वे नाही, तिथे गाडी न येणारी मुलगी घराच्या उंबऱ्यापाशी अडते. अशा माणसाच्या वाटेत आणखी एक फी उभी करायची का? श्रीमंताच्या मुलाला बारा तास म्हणजे काहीच नाही, आणि दुसऱ्याला महिन्याचं गणित कोलमडवणारे. हे नाकारणारा माणूस एक तर निष्काळजी आहे किंवा त्याने कधी पैसे मोजून खर्च केलेले नाहीत. म्हणूनच सक्तीचे तास करायचे तर ज्याला परवडत नाही त्याचा खर्च सरकारने उचलायचा, हे त्याच कायद्यात लिहिलेलं हवं, पुढे कधीतरी बघू असं नव्हे. एवढं मान्य करून मी एक प्रश्न विचारते: गरिबाची काळजी शिकणाऱ्यापाशीच का थांबते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. पाच ते एकोणतीस या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. आणि मरणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक लोक पायी चालणारे, सायकलवरचे आणि दुचाकीवरचे असतात. गाडी शिकायला निघालेल्यापेक्षाही ज्याच्याजवळ कमी आहे, तो बहुधा फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने चालत असतो.

पुढचा आक्षेप हुशार लोकांचा असतो. ते म्हणतात, माणूस कुठे शिकला याच्याशी राज्याला काय करायचंय? परीक्षा कडक करा. पास झाला तर झाला, वडिलांकडे शिकला काय आणि शाळेत शिकला काय. तत्त्व म्हणून हे सुंदर आहे आणि इतर अनेक क्षेत्रांत मी ते मान्य करीन. पण गाडीची परीक्षा म्हणजे काय असते? बहुधा दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यांवर, तासाभरापेक्षा कमी वेळ, आणि परीक्षक शेजारी आहे म्हणून शिकणारा जन्मात होणार नाही इतका सावध. रात्रीचा पाऊस, समोरून येणारे प्रखर दिवे, मागच्या सीटवर हसणारे मित्र, थकवा, यांतलं काहीच त्या वेळेत मावत नाही. परीक्षा शिकणाऱ्याचा एक तुकडा बघते. उरलेलं त्याने कधीतरी, कुणासोबत तरी अनुभवलं आहे, याची खात्री दुसऱ्या मार्गानेच होऊ शकते. खासगी वैमानिकाला अमेरिकेत परीक्षा तर द्यावी लागतेच, पण त्याआधी नेहमीच्या नियमानुसार किमान ४० तासांचं उड्डाण, त्यांतले किमान २० शिक्षकासोबत, अशी नोंद दाखवावी लागते. परीक्षा कडक आहे म्हणून ते तास काढून टाका, असं तिथे कुणी म्हणत नाही.

आणि परीक्षेवरची ही श्रद्धा तरी किती जुनी आहे? ब्रिटनने १९०३ मध्ये चालकाचा परवाना आणला तेव्हा परीक्षा नव्हतीच. पाच शिलिंग भरले की परवाना. परीक्षा सक्तीची व्हायला जून १९३५ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९३४ मध्ये, तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली होती, आणि तेव्हा गाड्या आजच्या मानाने मूठभर होत्या. आज गाड्या कित्येक पटींनी वाढल्या असूनही तिथला आकडा वर्षाला दोन हजारांच्या खाली आहे. याचं श्रेय एकट्या परीक्षेला द्यायला मी धजावणार नाही. सीटबेल्ट, रस्त्यांची रचना, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचे नियम, रुग्णवाहिका यांनी मिळून ते केलं. पण परीक्षा नसताना तिची गरज न वाटणारे लोक जसे होते, तसेच आज परीक्षा आहे म्हणून शिक्षणाची गरज न वाटणारे आहेत. ब्रिटनने पुढे १९९६ मध्ये लेखी परीक्षा वेगळी काढली, २००२ मध्ये चित्रफितींतून धोका ओळखण्याची चाचणी जोडली. मोटारसायकलवाल्यांना तर १९९० पासून रस्त्यावर येण्याआधी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. म्हणजे जिथे चूक करणारा स्वतः मरण्याची शक्यता जास्त, तिथे सक्ती. आणि जिथे दुसरा मरण्याची शक्यता जास्त, त्या चारचाकीला मात्र मुभा. हा क्रम मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

राहिला आक्षेप वाईट शिक्षकांचा. तो मी पूर्णपणे मान्य करते. सक्ती केली की गिऱ्हाईक बांधलं जातं, आणि बांधलेल्या गिऱ्हाइकाला चांगलं शिकवायची गरज उरत नाही. अर्धा तास गाडीत बसवून एका तासाची सही करणारे निघतील. जिथे शाळेच्या प्रमाणपत्रावरच परवाना मिळतो तिथे तर शिकवणाऱ्याच्या हाती गुणपत्रिकाही आली, आणि मग नापास कोण करणार? म्हणूनच शिकवणारा आणि तपासणारा वेगळे हवेत, शिक्षकाला स्वतःची परीक्षा हवी, आणि ती एकदा देऊन आयुष्यभर पुरणारी नको. हे करायची ज्या सरकारची ताकद किंवा इच्छा नाही, त्याने सक्तीच्या फंदात पडू नये. तिथे तास विकले जाणार नाहीत, पावत्या विकल्या जातील, आणि गरीब माणूस पावतीचे पैसे भरून तितकाच अडाणी राहील. माझ्या बाजूच्या लोकांना हे बोललेलं आवडत नाही. पण आधी शिक्षक, मग सक्ती, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

मग ते दहा-बारा तास कसले? पहिले दोन अगदी सुरुवातीचे, रस्त्यावर पहिल्यांदा गाडी काढताना, कारण तेव्हा दुसरा ब्रेक हवा आणि सवयी तेव्हाच पडतात. मग मोठी फट. त्या काळात घरच्यांसोबत सराव. मध्ये दोन-तीन तास नजरेचे, मोठ्याने बोलत चालवण्याचे. मग रात्र, मग महामार्ग, जमलं तर पाऊस. शेवटचे एक-दोन परीक्षेच्या आधी, घरच्या सरावात शिरलेल्या चुका काढण्यासाठी. आणि यांतल्या एका तासाला माझा विशेष आग्रह आहे. स्वीडनमध्ये घरी शिकवू पाहणाऱ्या मोठ्या माणसाला आणि शिकणाऱ्याला सराव सुरू करण्यापूर्वी एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याच धर्तीवर, सुरुवातीच्या एका तासाला घरचा जो कुणी पुढे शंभर तास शेजारी बसणार आहे, त्याला मागच्या सीटवर बसवावं. त्याने काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं: शिक्षक काय विचारतो, कधी गप्प राहतो, कशाकडे बघायला सांगतो. दादाला असा एक तास मिळाला असता तर त्याने मला खांद्यावरून मागे बघायला पहिल्याच रविवारी शिकवलं असतं. आणि त्या दिवसापासून तो स्वतःही मान वळवून बघायला लागला असता.